अंगठ्याएवढं मेण

सुईच्या टोकाला केस होता. तपकिरी, कुरळा, बोटभर लांब. मला वाटलं माझाच, कारण दोन महिन्यांपासून माझे केस गळताहेत आणि कुठेही सापडतात, घड्याळात, चहात, एकदा तर चिकटवलेल्या पाकिटात. म्हणून मी तो चिमट्याने उचलला, उजेडात धरला, दोन बोटांत घेतला, आणि तो बोटांच्या उबेने विरघळल्यासारखा वाकला. केस उबेने वाकत नाही. मेण वाकतं. मग मी खाली पाहिलं. फिरत्या मेणाच्या नळीखालच्या लाकडी फळीवर असल्या केसांचा एक पुंजका पडला होता, न्हाव्याकडे एखाद्या टकल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीखाली पडावा तेवढा. सकाळचे पावणेअकरा झाले होते. हे मला नक्की माहीत आहे, कारण मामाच्या दुकानात एकशे चाळीस घड्याळं आहेत आणि त्यातली चार बरोबर वेळ दाखवतात.

वाजवणारी सुई मेण काढत नाही. ती खाचेतून चालते, जुन्या वाटेने घरी जाणाऱ्या बैलासारखी, आणि जाता जाता खाचेत जे आहे ते सांगते. मेण कोरते ती लिहिणारी सुई. म्हणजे गेली दोन मिनिटं हे बाईंनी दुरुस्तीला दिलेलं जुनं फोनोग्राफ यंत्र त्यांच्या आईचा आवाज वाजवत नव्हतं. ते तो खरवडून काढत होतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या वेळी खोलीत जे बोललं जात होतं ते लिहून घेत होतं. खोलीत मी बोलत होतो. खोलीत मी नेहमीच बोलत असतो. कर्ण्यातून नुसतीच बारीक सळसळ येत होती, ती मला सत्तर वर्षांपूर्वीची वाटली, म्हणून मी आधी कान लावला, मग तोंड लावलं. ‘बोल की गं भवाने,’ मी म्हणालो होतो. ‘सात महिने तेलपाणी केलं तुझं, आता नखरे कशाला? बोल, नाहीतर मामाला बोलावतो.’ तरी ती बोलेना, तेव्हा बातम्या देणाऱ्याच्या आवाजात मी तिला हवामानाचा अंदाज सांगितला. आकाश अंशतः ढगाळ राहील. मग शिंकलो. शिंकेनंतर सवयीने ‘सॉरी’सुद्धा म्हणालो, यंत्राला.

बाई चार वाजता येणार होत्या. सात महिन्यांपूर्वी त्या रिक्षातून पेटी घेऊन आल्या तेव्हा मामाने पेटीच्या कमानदार झाकणाकडे बघूनच निकाल दिला होता, ‘शिलाई मशीन आहे. वरचं डोकं गेलंय.’ बाई म्हणाल्या, ‘नाही.’ चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाचं ‘नाही’ निराळं असतं, त्याच्यापुढे डोंगरसुद्धा आपली उंची तपासून बघतो. त्यांनी रुमालात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा डबा काढला, आणि डब्यातून कापसातली मेणाची नळी, पाणी प्यायच्या पेल्याएवढी, दोन्ही बाजूंनी पोकळ. ‘ह्यावर माझी आई आहे,’ त्या म्हणाल्या. वडिलांनी हौसेने यंत्र आणलं होतं, आईला त्याच्यासमोर बसवून बोलायला लावलं होतं, एकदाच. बाई तेव्हा दहा महिन्यांच्या. पुढच्या महिन्यात आई तापाने गेली. वडिलांनी त्याच दिवशी यंत्र माळ्यावर टाकलं आणि पुन्हा कुणाला त्याला हात लावू दिला नाही. ते गेल्यावर बाईंनी ते खाली काढलं, तर स्प्रिंग तुटलेली, आणि शहरात ज्याला त्याला दाखवलं तर जो तो म्हणे, शिलाई मशीन आहे. फोटो नाही, पत्र नाही. आईचं म्हणून जगात जे काही होतं ते त्या कापसात होतं, आणि बाईंनी ते सत्तरी ओलांडेपर्यंत एकदाही ऐकलेलं नव्हतं.

ते ओळखलं मी. हे आत्ता सांगायला नको वाटतं, पण ओळखलं मीच. यंत्रावर नाव नव्हतं. पितळी पट्टी कुणीतरी उपटून नेलेली, चार भोकं तेवढी उरलेली. मी भिंग लावून पुढे सरकणाऱ्या स्क्रूचे आटे मोजले, इंचात शंभर, तीन वेळा मोजले कारण दर वेळी चौऱ्याऐंशीच्या आसपास मामा हाक मारायचा. ग्रंथालयातून जुन्या कॅटलॉगच्या झेरॉक्स आणल्या. परदेशातल्या एका संग्राहकाला पत्र घातलं, आणि तीन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं, सगळं मोठ्या अक्षरांत, जणू तो समुद्रापलीकडून ओरडत होता: सुई धरणाऱ्या हाताच्या पाठीमागे बुजवलेली दोन भोकं आहेत का बघा. होती. तिथे एके काळी एक पातं बसायचं, जुना आवाज तासून नळी कोरी करायला. म्हणजे हे नुसतं वाजवणारं यंत्र नव्हतं. हे सुरुवातीच्या, घरच्या घरी आवाज भरायच्या जातीचं होतं, आणि त्या संग्राहकाच्या म्हणण्याप्रमाणे असली फारशी उरलेली नाहीत. मी हवेत होतो. समोरच्या चष्मेवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, एका चुकीचा पत्ता विचारायला आलेल्या गृहस्थालाही सांगितलं, ‘इतर यंत्रं बोलतात हो, हे ऐकतं.’ पोस्टमन म्हणाला, ‘मग जपून बोलत जा.’ तेव्हा मी खूप हसलो होतो. जगातल्या ज्या मोजक्या माणसांना ही गोष्ट पक्की माहीत होती त्यांच्यातला मी एक, आणि नेमका मी विसरलो. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या हातून हे घडलंच नसतं. तो शिलाई मशीन समजून त्याला तेल घालत बसला असता आणि बाईंची आई कापसात सुखरूप राहिली असती.

पेटीच्या खणात दोन गोल डब्या निघाल्या होत्या, बुटाच्या पॉलिशची लहानात लहान डबी असते तेवढ्या, दिसायला जुळ्या बहिणी. दोघींच्या पोटात पातळ पडदा आणि पडद्याला सुई. एक लिहिणारी, एक वाजवणारी. कोणती कुठली हे त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. यांच्या कडेवर काळी पुटं होती. मी दोन दिवस जुना टूथब्रश आणि पितळ घासायची पेस्ट घेऊन बसलो, घासता घासता शीळ घालत होतो, आणि त्या इतक्या लखलखल्या की मामानेसुद्धा ‘वा’ म्हटलं. मामाने याआधी ‘वा’ एकदाच म्हटलं होतं, स्वतःच्या लग्नात, आणि तेही म्हणे जेवणाला. पुटं गेली. अक्षरंही गेली. एकीचा पडदा फुटलेला होता, दुसरीचा धडधाकट. धडधाकट बघून मला इतका आनंद झाला की त्या आनंदात मी सुईचं टोक भिंगाखाली धरलं नाही. आता धरलं. वाजवणाऱ्या सुईचं टोक मोहरीसारखं गोल असतं. हे टोक खोलगट, धारदार होतं, एखाद्या चिमुकल्या चमच्यासारखं, दही खरवडायला काढलेल्या.

मी स्टुलावर बसलो. नळीचा कोरलेला भाग न्हाऊन आल्यासारखा चकचकत होता. उरलेला, जुना, मंद होता. मी मोजपट्टी लावली. अंगठ्याएवढी रुंदी. पंचवीस सेकंद, फार तर तीस. बाकी सगळ्यावर मी होतो, ढगाळ हवामानासह. आणि तेव्हा, उगाच, मला बाबांचा पलंग आठवला, हॉस्पिटलमधला, त्याची एक बाजू वर केलेली, खिडकीत कुणीतरी विसरलेली अर्धी मोसंबी. मी विशीतला. बाबांच्या नाकात नळी. ते दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलायला लागले होते, ‘अरे, ते...’ एवढंच म्हणाले, आणि मला ती शांतता इतकी सोसेना की मी मध्येच म्हणालो, ‘बाबा, बोलू नका, नर्सला वाटेल बरे झालात, मग घरी पाठवतील.’ शेजारच्या पलंगावरचा पेशंट हसला. म्हणून मी आणखी दोन विनोद सांगितले. मग तिसरा. बाबांनी डोळे मिटून घेतले, मला वाटलं ऐकताहेत. पहाटे ते गेले. तेव्हापासून मी त्या ‘ते’च्या पुढे शब्द लावून बघतो. ते कपाट. ते पत्र. ते जाऊ दे. रस्त्यातून चालताना, दात घासताना, लोकांना हसवताना. काही बसत नाही. माझ्या आत एक माणूस सतत बोलत असतो आणि तो कुणाच्या ना कुणाच्या आवाजावर बसलेला असतो.

‘तोंड का असं, लंबक पडलेल्या घड्याळासारखं?’ मामा आतल्या खोलीच्या दारावरच्या पडद्यातून डोकं काढून म्हणाला. मी सांगितलं. मामा नेहमीच्या हिशेबाने तीन ‘अरेरे’ म्हणाला आणि मग चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ नळीकडे बघत राहिला.

‘बुरशी म्हण,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘बुरशीने खाल्लं म्हण. मेणाला बुरशी लागते असं तूच डोकं उठवत होतास ना माझं?’

‘बुरशी मीच काढली, मामा. आणि काल फोन करून सांगितलं बाईंना, आता आरशासारखी स्वच्छ आहे म्हणून.’

‘मग रात्रीत लागली म्हण. आजकाल सगळंच लवकर होतं.’ मामाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. ‘त्या म्हातारीचा जीव जाईल रे.’

मामा बोलला ते वाईट नव्हतं. बुरशी हा उत्तम गुन्हेगार आहे. तिचा चेहरा नाही, ती चार वाजता समोर बसत नाही, तिला कुणी ‘का केलंस’ विचारत नाही. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं, ‘बाई, फार वाईट वाटतं, पण,’ आणि मला कळलं की माझा आवाज वाईट वाटल्याचा आवाज काढण्यात पटाईत आहे. ते ऐकून मलाच खरं वाटलं असतं. मग दुसरी कल्पना आली, पहिलीहून घाणेरडी, म्हणून जास्त पटणारी. मी ताईला फोन लावला. ताईचा आवाज अख्ख्या शहराला ठाऊक आहे, कुणी चुकीचा नंबर फिरवला की तीच येते: ‘आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’ टेप तिची, गोड, स्वच्छ, कुणाचीही आई शोभेल अशी.

‘ताई, तुला एक आई करायची आहे.’

‘कुणाची?’

‘आहेत एक बाई. दोन मिनिटांचं काम. जरा जुन्या वळणाचं बोलायचं, बाळा वगैरे.’

‘काय केलंस तू?’ मी काहीतरी केलंय हे ताईला नेहमी माझ्याआधी कळतं. मी सांगितलं. हवामानाचा भाग गाळून.

‘त्यांनी किती वर्षं वाट पाहिली?’

‘जन्मभर म्हण.’

‘आणि तू त्यांना माझा आवाज देणार. अरे गाढवा, लोक माझा आवाज ऐकून फोन आपटतात.’ ती हसली नाही. ‘खरं सांग त्यांना. जमेल तुला. सवय नाही, पण जमेल.’ आणि तिने ठेवला.

मग मी दुसऱ्या डबीला लागलो, फुटक्या पडद्याच्या, खऱ्या. अंगठ्याएवढं मेण वाजवायचं तर तीच हवी होती. नवा पडदा कुठून आणणार? मामाची जुनी इस्त्री उघडली आणि तिच्यातलं अभ्रक काढलं, पदर पदर सुटं केलं, कागदाहून पातळ झालं तेव्हा नखं कापायच्या कात्रीने गोल कापलं. पहिलं तडकलं. दुसरं तडकलं. तिसऱ्याला मी श्वास धरून कापलं आणि ते टिकलं. कडेला बसवायला रबर हवं होतं, ते सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचं लावलं. वाजवणाऱ्या सुईच्या गोल टोकाला भिंगाखाली एक टवका उडालेला दिसला, अगदी बारीक. म्हणजे ही सुई मऊ मेणावर चालताना थोडं थोडं खाणार. दुसरी नव्हती. माझे हात या सगळ्यात इतके स्थिर होते की मला त्यांचा राग आला. सकाळी कुठे होता रे, मी हातांना विचारलं. तीन वाजता मी ती डबी चढवली, चकचकीत भागाच्या सुरुवातीला सुई टेकवली, फक्त पडदा चालतोय का बघायला. कर्ण्यातून, नाकातून बोलल्यासारखा, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा एक आवाज आला: ‘बोल की गं भवाने.’

‘हा कोण मूर्ख?’ मामाने आतून विचारलं.

‘मी.’

‘आवाज नेहमी असाच येतो?’

‘बहुतेक.’ मी सुई उचलली. तो आवाज लाडिक होता, स्वतःवर खूश होता, आणि समोर कुणी आहे याचा त्याला पत्ता नव्हता. माझे हसवलेले सगळे लोक आजवर हेच ऐकत आले होते. उरलेल्या अंगठ्याला मी हात लावला नाही. तो ऐकायचा पहिला हक्क माझा नव्हता, आणि मला भीतीही वाटत होती, की तिथे काहीच नसलं तर.

बाई चारला पाच कमी असताना आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, हातात रेघांची वही आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली. दोन का, हे मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं, ‘एक मोडली तर.’ आई काय म्हणते ते त्या उतरवून घेणार होत्या. मामाने खुर्ची पुसली, पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली.

‘बाई, एक जरा वाईट आहे,’ मामा म्हणाला, ‘ती बुरशी...’

‘बुरशी नाही,’ मी म्हणालो. ‘मी.’

आणि मी सगळं सांगितलं, दोन डब्या, घासलेली अक्षरं, चमचा, सळसळ. हवामानसुद्धा. मध्ये एके ठिकाणी जीभ आपोआप विनोदाकडे वळली, मी तिला दातांत धरलं, रक्ताची चव आली. बाईंनी वही मांडीवर उभी धरली होती, शाळेत तपासणी अधिकारी आल्यावर धरतात तशी. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘वेंधळेपणा की मस्ती?’

‘दोन्ही.’

‘काय बोलत होती ती?’

‘माहीत नाही, बाई. ती सुई वाजवत नाही, नुसती कोरते. मलाही ऐकू आलं नाही. कुणालाच नाही.’

रस्त्यावरून कुणीतरी रिकामा हातगाडा नेत होतं, त्याचा आवाज येऊन संपला. ‘तू ऐकलं असतंस,’ त्या म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं, ‘माझ्याआधी तू ऐकलं असतंस ना, तर तुझं तोंड पाहिलं नसतं मी. एवढं तरी बरं केलंस.’ मग म्हणाल्या, ‘किती उरलंय?’

मी अंगठा दाखवला.

‘लाव.’

मी सुई मंद भागावर टेकवली. आधी खरखर, नळी फिरताना होणारी एक लयीतली ठकठक, आणि तिच्या मागून, दूरच्या खोलीतून यावा तसा एक पुरुष: ‘अगं, तिच्यासाठी बोल ना काहीतरी. मोठी झाली की ऐकेल.’ मग एक बाई. तरुण, माझ्याहून लहान असावी. आवाजात थोडी लाज, थोडी घाई, स्वयंपाकघरात काहीतरी ठेवून आल्याची. ‘काहीतरीच काय! आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. उठली की सांगते ना मी तिला. बंद करा ते.’ आणि खरखर. आणि नळी संपली.

बाईंची पेन्सिल मोडली नव्हती. त्यांनी ओळीवर ओळ, वळणदार अक्षरांत सगळं उतरवलं होतं, ‘काहीतरीच काय’च्या पुढचं उद्गारचिन्हसुद्धा. ते त्यांनी ओठ हलवत वाचलं. वही मिटली.

‘पुन्हा.’

‘बाई, मेण मऊ आहे. सुईला टवका आहे. दर वेळी थोडं खाणार.’

‘किती वेळा?’

‘आठ. दहा. मग पुसट होत जाईल.’

‘आणि नाही लावलं तर?’

‘टिकेल की. जपलं तर कितीतरी वर्षं.’

‘कुणासाठी?’ बाईंनी विचारलं. प्रश्न खरा होता, त्यांना उत्तर हवं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, भाऊ नव्हता. मी एकशे चाळीस घड्याळांकडे पाहिलं. मामा दाराच्या पडद्याला धरून उभा होता.

‘फिरव,’ बाई म्हणाल्या.

मी हँडल फिरवून स्प्रिंग भरली. दुसऱ्यांदा त्यांनी वही उघडली नाही. तिसऱ्यांदा त्या ‘काहीतरीच काय’ला किंचित हसल्या, एखादं माणूस ओळखीचं झाल्यासारख्या. चौथ्यांदा वडील पुसट झाले, पाचव्यांदा ते गेले, आणि ती तरुण बाई कुणाला तरी, आम्हा तिघांतल्याच कुणाला तरी, उत्तर देत राहिली. मी दर वेळी बाईंकडे बघत होतो, त्या दर वेळी नुसती मान हलवत होत्या. सातव्यांदा ‘डोळा लागलाय’ मोडलं. आठव्यांदा ‘उठली की’ आलं आणि पुढचं खरखरीत बुडालं. नवव्यांदा एक श्वास आला, किंवा नळीची ठकठक तशी वाटली. दहाव्यांदा काही नव्हतं. अकराव्यांदाही.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘संपलं ते. आता नुसती खरखर आहे.’

बाई नळीकडे बघत होत्या. डोळे मिटलेले नव्हते, ओलेही नव्हते. फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलीला उत्तर आठवेपर्यंत वर्ग थांबतो, तशा त्या थांबल्या होत्या.

‘खरखर तुला ऐकू येते,’ त्या म्हणाल्या. ‘फिरव.’

मी हँडल फिरवलं.